तेल येतं कुठून?

इंजिनाच्या खाली जिथं तेलाचा थेंब लोंबकळत असतो, तिथून ते गळत नसतं! हे कळल्यापासून मला राहवत नाही. भेटेल त्याला सांगते आहे, आता तुम्हालाही सांगते. थेंब पडायची जागा वेगळी आणि तेल निसटायची जागा वेगळी. दोन्हींमध्ये कधी बोटभर अंतर असतं, कधी अख्खं इंजिन असतं. गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा तेलाला मागं लोटतो, वजन त्याला खाली ओढतं, वाटेत इंजिनाच्या पात्या लागतात, बोल्टांची डोकी लागतात, धूळ लागते. ही सगळी वाट कापून शेवटी सगळ्यात खालच्या टोकाशी तेल गोळा होतं आणि टप्पकन फरशीवर पडतं. आपण त्या टोकाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, इथून गळतंय!

गाडी आमच्या आप्पांची. हीरो होंडा सीडी १००. नंबर एमएच-१८, म्हणजे धुळ्याचा, कारण ती घेतली तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि एमएच-३९ हा नंबर त्यानंतर आला. आमची गाडी जिल्ह्याहून वयानं मोठी आहे, याचा आप्पांना फार अभिमान. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, प्रकाशाला तापीकाठचं केदारेश्वर, मिरचीच्या दिवसांत नंदुरबारचं मार्केट, सगळीकडे ती गेलेली. आप्पांचे गुडघे बोलायला लागले तशी ती पडवीत उभी राहिली, पावसाळा तिथंच गेला, थंडीही तिथंच सरली. मग मी ठरवलं की ही आता मी चालवणार. किक मारली, पेटली! आवाज गोड, धूर नाही, क्लच मऊ. पण चार दिवसांत पडवीच्या फरशीवर काळा डाग पडला आणि डागाला डाग जोडत गेला.

ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, जुनी गाडी आहे, गळणारच. एका गॅरेजमध्ये तर इंजिन फुल खोलायला सांगितलं. "जुनी आहे, गळणारच" या वाक्याचा मला आता मनापासून राग येतो. रबर म्हातारं होतं हे खरं. पण लोखंड आणि ॲल्युमिनियम काही कंटाळून तेल सोडत नाहीत. गळतीला कारण असतं, ते कारण सापडतं, आणि ते शोधायला लागणारी अवजारं प्रत्येकाच्या घरात असतात. मला हे माहीतच नव्हतं! इतकी वर्षं गाड्यांवर बसतो आपण.

मला ते शिकवलं शहाद्यातल्या एका जुन्या मिस्तरींनी. सगळे त्यांना नाना म्हणतात. मी गाडी घेऊन गेले, खाली वाकून थेंब दाखवायला लागले. नानांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. गाडीजवळ उकिडवे बसले, नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आठे नको देख, वर देख." इथं नको बघू, वर बघ. मग म्हणाले, आधी घरी जाऊन इंजिन लख्ख धुऊन आण. मळलेल्या इंजिनावर तेल कुठून आलं ते देवालाही सांगता येणार नाही.

मी धुतलं. इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्या अंगणात, थोडं डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन. कितीतरी वर्षांची माती आणि तेल मिळून झालेला काळा थर निघत गेला आणि खाली चक्क चंदेरी ॲल्युमिनियम दिसायला लागलं. त्यावर कोरलेली अक्षरं दिसली, दोन भाग जोडल्याची बारीक रेघ दिसली. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग ऊन. आणि आता खरी गंमत. नानांनी सांगितल्याप्रमाणे मी अंगाला लावायची पावडर घेतली आणि कोरड्या इंजिनावर भुरभुरवली. सगळं इंजिन पांढरं! आप्पा खुर्चीतून बघत होते. मी गाडी चालू केली, लोणखेड्यापर्यंत सावकाश एक फेरी मारली, परत आले, टॉर्च घेतला आणि खाली बसले.

पांढऱ्या पावडरीवर तेलाच्या रेघा उमटल्या होत्या. प्रत्येक रेघ खाली रुंद आणि वर जाता जाता निमुळती. निमुळत्या टोकाशी तेल बाहेर पडायची जागा! बोट ठेवून दाखवता येईल इतकी स्पष्ट. अशा रेघा एकापेक्षा जास्त होत्या. डावीकडे पुढच्या स्प्रॉकेटमागं एक, त्याच बाजूला गिअरच्या शाफ्टपाशी एक, उजवीकडे किकच्या शाफ्टखाली एक, आणि क्लचच्या कव्हराच्या कडेला बारीक पाझर. ड्रेन नट, ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता, तो कोरडा ठणठणीत. त्याच्या टोकावर येऊन थेंब थांबत होता, एवढाच त्याचा संबंध.

पावडरीच्या एका डब्यात हे सगळं कळतं! कुठलं यंत्र नाही, कॉम्प्युटर नाही. ज्या कुणाची गाडी गळते आहे त्यानं गॅरेजला जाण्याआधी हे करावंच. गाडी सोडून येताना "तेल गळतंय" एवढं सांगणं आणि "स्प्रॉकेटमागच्या सीलमधून येतंय" असं सांगणं यांत फार फरक आहे.

आता त्या सीलबद्दल सांगते, कारण मी अजून त्याच्यातून बाहेर आलेले नाही. बंद डब्यात तेल कोंडून ठेवणं सोपं. पण इंजिनातून फिरणारा दांडा बाहेर काढायचा असतो. पुढचं स्प्रॉकेट ज्या दांड्यावर बसतं तो आतून, तेलातून, बाहेर येतो, आणि गाडी पन्नासच्या वेगानं पळत असेल तर मिनिटाला हजाराहून जास्त वेळा फिरतो. भोक पडलेलं आहे, त्यातून दांडा गरगर फिरतो आहे, आत गरम पातळ तेल आहे, आणि ते बाहेर यायला नको. कसं अडवणार? घट्ट बूच मारलं तर दांडा फिरणार नाही, सैल ठेवलं तर तेल येणार. यावरचं उत्तर म्हणजे ऑइल सील, हातावर ठेवलं तर अंगठीएवढं, किंमत किरकोळ. बाहेरून धातूची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठाच्या पाठीमागं केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग, जी ओठाला दांड्यावर हलकं दाबून धरते.

मला वाटत होतं की रबर दांड्याला घट्ट चिकटतं म्हणून तेल थांबतं. तसं नाही! रबर दांड्याला टेकतच नाही म्हटलं तरी चालेल. दांडा फिरायला लागला की ओठाखाली तेलाचा इतका पातळ थर जातो की तो मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि ओठ त्या थरावर तरंगतो. तो थर नसेल तर रबर घासून जळून जाईल. मग तो थर बाहेर का येत नाही? कारण ओठाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाच्या बाजूचा उतार उभा, हवेच्या बाजूचा पसरट. या असमानपणामुळे आणि रबराच्या अतिसूक्ष्म खडबडीतपणामुळे फिरणारा दांडा त्या तेलाला सतत आत ढकलत राहतो. म्हणजे सील हा एक पंप आहे! निसटू पाहणारं तेल परत आत पाठवणारा पंप, ज्याला वेगळा एकही हलता भाग नाही. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या प्रत्येकाच्या गाडीत, शेतातल्या पंपात, ट्रॅक्टरच्या चाकात, घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये हे चाललेलं असतं.

याची सुरुवात चामड्यापासून झाली आहे. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग कुटुंबाचा चामडं कमावण्याचा कारखाना होता. तिथं १९३० च्या सुमारास मोटारींसाठी चामड्याची सीलं व्हायला लागली, वॉल्टर झिमर या इंजिनिअरनं धातूच्या कडीत बसवलेलं सील घडवलं, आणि पुढं चामड्याच्या जागी तेलाला टिकणारं कृत्रिम रबर आलं. नैसर्गिक रबर तेलात फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून ते इथं चालत नाही.

तर पावडरीच्या रेघा पाहून मी नानांकडे परत गेले. आता सील बदलायचं म्हणजे काम झालं, असं मला वाटत होतं. नानांनी चेन उतरवली, स्प्रॉकेटच्या पट्टीचे दोन बोल्ट काढले, स्प्रॉकेट बाजूला ठेवलं आणि एका वाकड्या आकड्यानं जुनं सील अलगद उचकटलं. किती अलगद! दांड्यावर किंवा सील बसतं त्या खोबणीवर ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर घुसवून हिसका मारायचा नाही. ते सील त्यांनी फडक्यानं पुसलं, ओठ अंगठ्यानं दाबून पाहिला आणि गप्प झाले. मग मला दिलं. मीही दाबून पाहिलं. रबर मऊ होतं. ओठाला चीर नव्हती, कड तुटलेली नव्हती, स्प्रिंग जागेवर.

"तीन सीलं एका वेळी मरत नसतात," नाना म्हणाले. "आतून कोणीतरी ढकलतंय."

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे. इथं सगळं उलगडायला सुरुवात झाली. तोपर्यंत मी तेलाचा विचार करत होते. नानांनी मला हवेचा विचार करायला लावला.

सीडी १०० चं इंजिन ९७.२ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, गुणून पाहा, बरोबर तेवढंच येतं, मी पाहिलं. पिस्टनच्या वर पेट्रोल जळतं हे आपल्याला माहीत असतं. पण पिस्टनच्या खाली काय आहे? खाली तेलाची खोली आहे, आणि तिच्यातही हवा आहे. पिस्टन खाली आला की तो तेवढीच, ९७ सीसी, हवा त्या खोलीत दाबतो, वर गेला की ओढतो. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर हे एका सेकंदात सहासष्ट वेळा होतं! लोहाराच्या भात्यासारखं. शिवाय पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी वरच्या स्फोटातला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली निसटतोच. तो साठत जातो. ही सगळी हवा कुठंतरी जायला हवी. म्हणून प्रत्येक फोर स्ट्रोक इंजिनाला एक ब्रीदर असतो, म्हणजे इंजिनातून निघणारी एक साधी नळी. हवेला ये-जा करायला वाट. काही गाड्यांत ती एअर फिल्टरच्या डब्यात जाते, काहींत खाली उघड्यावर सोडलेली असते.

म्हणजे इंजिन श्वास घेतं! कार्ब्युरेटरमधून घेतं तो वेगळा, हा वेगळा. हा दुसरा श्वास कुणी आपल्याला सांगितलेलाच नाही.

आमच्या गाडीची नळी काळी, रबरी, खाली मोकळी सोडलेली. नानांनी ती इंजिनाकडून उपसून काढली, तोंडाशी धरून फुंकली. हवा गेली नाही. मला दिली. मी गाल फुगवून फुंकलं. काही नाही. मग त्यांनी नळीत वरच्या बाजूनं तार घातली, खालच्या तोंडातून ढकलली, आणि माझ्या तळहातावर मातीचा वाळलेला गोळा पडला. बोटाच्या पेराएवढा. फोडला तर आत पोकळी, आणि पोकळीत वाळून गेलेले बारीक कोळी.

कुंभारीण माशी! पावसाळ्यात ओली माती तोंडात धरून भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात घर बांधणारी. तिच्या जातींपैकी काही आयत्या भोकात संसार मांडतात. कोळ्यांना डंख मारून लुळं करून आत ठेवायचं, त्यावर अंडं घालायचं, आणि मातीनं दार लिंपून टाकायचं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून. पडवीत उभ्या राहिलेल्या आप्पांच्या गाडीची नळी तिला अगदी मापाची मिळाली. आणि तिनं घर बांधलं तेव्हापासून, मी किक मारल्याच्या पहिल्या दिवसापासून, ते इंजिन कोंडलेल्या छातीनं पळत होतं. आतली हवा बाहेर पडायला वाट शोधत होती, आणि जिथं जिथं रबराचा ओठ होता तिथं तिथं त्याच्या खालून, तेलाला बरोबर घेऊन, बाहेर येत होती. सीलं दोषी नव्हतीच!

मी तो मातीचा गोळा घरी आणला आणि माश्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागले. वाचता वाचता थेट विमानांपर्यंत पोचले. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बर्जनएअरचं बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातली सगळी १८९ माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी एक नळी असते, पिटॉट ट्यूब. ते विमान काही दिवस उभं होतं, नळीवर झाकण नव्हतं, आणि तपास करणाऱ्यांच्या मते बहुधा अशाच मातीची घरं करणाऱ्या माशीनं ती नळी बुजवली होती. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर तर पिटॉट ट्यूबमध्ये घर करणाऱ्या माश्यांचा शास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास केला आहे. उभ्या विमानांच्या नळ्यांवर लगेच झाकणं घालावीत, असं त्यातून पुढं आलं. ही माशी काय करू शकते याची मला कल्पनाच नव्हती.

नळी मोकळी करून नानांनी आणखी एक गोष्ट केली. नळीच्या खालच्या तोंडापासून चारेक बोटं वर ब्लेडनं एक छोटी उभी चीर दिली. म्हणाले, खालचं तोंड चिखलानं बुजलं, माशीनं बुजवलं, तरी इथून श्वास चालेल. मी घरी येऊन वाचते तर काय, छोट्या विमानांच्या इंजिनालाही असाच ब्रीदर असतो! थंड प्रदेशात, उंचावर, इंजिनातली वाफ त्या नळीच्या तोंडाशी येऊन गोठते, बर्फाचं बूच बसतं, आत दाब वाढतो आणि पंख्यामागचं मोठं सील उडून तेल बाहेर येतं. म्हणून त्या नळीला थोडं वर एक वेगळं भोक ठेवलेलं असतं. तिकडे बर्फ, इकडे माशी, आणि उपाय हुबेहूब एकच! शहाद्याच्या गॅरेजात बसून नाना तिथंवर स्वतःच्या डोक्यानं पोचले होते. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, चीर लहान ठेवायची, नाहीतर धूळ ओढेल.

एकदा काढलेलं सील परत बसवायचं नाही, हा नियम, म्हणून नवं आणलं. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. जुनं सील पुसून तेवढे आकडे वाचले की दुकानात बाकी काही सांगावं लागत नाही. ते बसवणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती मी स्वतःच्या हातानं केली, नाना शेजारी बसून. स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे. ओठाला बोटानं ग्रीस चोळायचं, म्हणजे पहिल्या फेऱ्याला रबर कोरडं घासत नाही. दांड्याच्या टोकाला दाते असतात, त्यांच्यावरून सील ओढलं तर ओठ चिरतो. म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा दात्यांभोवती गुंडाळायचा, त्यावरून सील सरकवायचं, मग पिशवी ओढून घ्यायची. सील चौफेर सारखं आत जावं म्हणून बाहेरच्या कडेच्या मापाची पान्याची गोटी (सॉकेट) वर ठेवून हलके हलके ठोके. आणि एक बारकावा: जुन्या ओठानं वर्षानुवर्षं घासून दांड्यावर एक चकचकीत रेघ पाडलेली असते. नवं सील तिच्यापासून केसभर अलीकडे थांबवलं तर ओठाला कोरी, गुळगुळीत जागा मिळते. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

किकचं सील क्लचच्या, उजवीकडच्या कव्हरात, म्हणून तेही उघडलं. तिथला कडेचा पाझर जुन्या पॅकिंगचा होता आणि तो हवेच्या दाबानं आणखी वाढला होता. आधी इंजिन थोडं गरम करून सतराच्या पान्यानं ड्रेन नट काढून तेल डब्यात काढलं. मग आठच्या टी-पान्यानं कव्हराचे बोल्ट. हे बोल्ट एका लांबीचे नसतात! लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, कव्हर आवळलं जात नाही आणि जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. नानांनी एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिच्यावर कव्हराचा आकार काढला, भोकं पाडली, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच पत्रिकेत खोचला. लावताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे पॅकिंग एकसारखं दबतं.

कव्हर उघडल्यावर क्रँकच्या टोकाला एक गोल डबी दिसते. या इंजिनात कागदाचा ऑइल फिल्टर नाही. ही डबी क्रँकबरोबर फिरते, तेल तिच्यातून जातं आणि जड कचरा फिरण्याच्या जोरानं बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. उघडली तर भिंतीला राखाडी, घट्ट लेप! किती वर्षांचा घास तिनं गिळून ठेवला होता. पुसून काढला. गळती शोधायला गेले नसते तर ही डबी अशीच भरत राहिली असती. आणि कृपा करून कुणी पॅकिंगवर बॉन्डचा, म्हणजे सांधे बुजवायच्या चिकट लेपाचा, जाड थर थापू नका. बाहेर आलेला बॉन्ड दिसतो, आत गेलेला दिसत नाही. तो सुटून तेलाच्या जाळीवर बसला तर वरच्या कॅमशाफ्टला तेल पोचायचं थांबेल. तेव्हा नुसती गळती परवडली असं म्हणायची वेळ येईल.

मग नवं तेल. बाजारात या गाड्यांसाठी ९०० मिलीची बाटली मिळते, म्हणजे सगळं मिळून एक लिटरसुद्धा नाही. एवढंच तेल क्रँकला, पिस्टनला, गिअरना, क्लचला आणि वरच्या टॅपेटना पुरतं. म्हणून थेंब थेंब गळती ही डाग पडण्यापुरती गोष्ट नाही. या गाडीला तेल संपत आल्याचा दिवा नाही, आहे ती फक्त काडी. मधल्या स्टँडवर, सपाट जागी, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं, काडी पुसून नुसती टेकवायची, आटे न फिरवता, आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का पाहायचं. आटे फिरवून काडी आत घातली की तेल आहे त्याहून जास्त दिसतं. आप्पांना हे माहीत होतं. इतकी वर्षं दर रविवारी ते हेच करत होते आणि मला वाटायचं गाडी पुसतायत!

आणि मग मी तोरणमाळ गाठलं. गाडीची परीक्षा घ्यायची तर शहाद्यातून म्हसावद, राणीपूर आणि मग सातपुड्याचा घाट. तोरणमाळ अकराशे मीटरांहून उंच; तापीच्या सपाटीतून निघालं तर जवळजवळ हजार मीटर चढायचं. वळणावर वळण, दुसरा गिअर, इंजिन तापलेलं, तेल पातळ झालेलं. गळायचं असेल तर इथं गळेल. वाटेत काळापाणीजवळ थांबून खाली वाकले. कोरडं! वर यशवंत तलावाशी गाडी स्टँडवर लावली, खाली वर्तमानपत्र पसरलं, चहा घेतला, तलावाला फेरी मारली, येऊन पाहिलं. बातम्या जशाच्या तशा वाचता येत होत्या. ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी हात धरून इंजिन चालू केलं तर तळहातावर ते छोटे छोटे गरम झटके बसत होते, सुटे, भराभर, मोजता न येणारे. मी तिथं उभ्या असलेल्या दोन अनोळखी पोरांना बोलावून त्यांचा हातही तिथं धरला. त्यांच्या गाडीची नळीही मग आम्ही शोधून काढली. चिखलानं अर्धी बुजलेली होती.

तुमची गाडी बरेच दिवस उभी असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर किक मारण्याआधी ती नळी काढा आणि फुंका. आत अडकलेलं असेल तर खालून वर ढकलू नका, माती इंजिनात जाईल. नळी पूर्ण काढून, बाहेरच्या बाहेर साफ करा. सायलेन्सरच्या तोंडातही डोकावा. मी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं आहे, आणि आता रोज संध्याकाळी कुणी ना कुणी पावडरीचा डबा मागायला येतं.

आमच्या गाडीच्या हेडवर मात्र अजून किंचित ओल आहे, पावडर टाकल्यावरच दिसते इतकी. टॅपेटच्या दोन गोल झाकणांखाली एकेक ओ-रिंग असते, त्यातली एक कडक झाली आहे. ही ओ-रिंग तर आणखी वेगळं प्रकरण! डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांना तिचं पेटंट १९३९ साली मिळालं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. एक रबरी वळं, एक मापाची खाच, आणि आतला दाब जितका वाढेल तितकं ते वळं खाचेच्या कडेला दाबलं जाऊन आणखी घट्ट बसतं. म्हणजे जो दाब सीलातून तेल बाहेर ढकलतो, तोच इथं अडवायच्या कामाला लावलेला! दोन्ही रिंगा आणून ठेवल्या आहेत. रविवारी ऊन चढायच्या आत झाकणं उघडायची, आणि या खेपेला आप्पा म्हणतायत की पाना त्यांच्या हातात हवा.